८६ एमबीचं कीर्तन ७०० एमबीच्या सीडीवर मावेना

रामकुंडाजवळचा
रविवार, रात्री १०.१५

मंडळी, काम किरकोळ आहे, पण दोन रविवार खाऊन बसलंय.

माझे आजोबा नारदीय कीर्तन करत. त्यांच्या एका कीर्तनाची नव्वद मिनिटांची कॅसेट पंचवटीतल्या घरी माळ्यावर सापडली. ओळखीच्या एकाने ती कॉम्प्युटरवर उतरवून एमपी३ करून दिली. सलग एकच फाइल, १२८ केबीपीएस, ८६ एमबी. माझ्या आत्याला (वय ७८) ती ऐकायची आहे. आत्याकडे फोन आहे, पण फोन म्हणजे "बोलायचं आणि ठेवायचं". ऐकायचं ते देवघराशेजारच्या सीडी प्लेअरवर. त्याला यूएसबीचं भोक नाही, ब्लूटूथचं तर नाव नको.

लॅपटॉप विंडोज ११चा. त्याला ड्राइव्हच नाही, म्हणून भावाचा बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर आणला. कोऱ्या सीडी एम. जी. रोडवर चौथ्या दुकानात मिळाल्या. तिसऱ्या दुकानदाराने "आता कशाला?" म्हणत चहा पाजला, सीडी नव्हती.

पहिला प्रयत्न: कोरी सीडी घातली, चौकट आली, त्यात जे आधीच निवडलेलं होतं तेच ठेवून पुढे गेलो, फाइल ओढून टाकली. लॅपटॉपवर छान वाजते. आत्याचा प्लेअर म्हणतो "नो डिस्क".

दुसरा प्रयत्न: विंडोज मीडिया प्लेअर लेगसी उघडला, बर्नच्या (सीडीवर लिहायच्या) यादीत तीच फाइल टाकली. आता म्हणे मावत नाही! सीडीवर ठळक छापलंय ७०० एमबी. फाइल ८६. हे कुठलं गणित?

बाहेरचं सॉफ्टवेअर शक्यतो नको. मागे एक "फुकट बर्नर" उतरवला तेव्हा त्याच्यासोबत बिनबोलावलेले तीन पाहुणे आले होते.


तर्री_वेगळी
रविवार, रात्री १०.३२

रुमाल टाकून ठेवतो.

बाकी आत्यांना एक ब्लूटूथ स्पीकर घेऊन द्या ना सरळ. २०२६ मध्ये सीडी?


रामकुंडाजवळचा
रविवार, रात्री १०.४०

@तर्री_वेगळी, दिला होता. त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली आहे. उंची बरोबर आली म्हणाली.


सातपूर_सेकंड_शिफ्ट
रविवार, रात्री ११.५५

आत्ताच घरी आलो. थोडक्यात सांगतो. सीडीच्या तोंडावर दोन आकडे असतात, ७०० एमबी आणि ८० मिनिटं. तुम्ही चुकीचा वाचला. ऑडिओ सीडीला एमबी विचारायचे नसतात, मिनिटं विचारायची. तुमचं कीर्तन ९० मिनिटांचं, म्हणून मावत नाही. दोन सीड्या करा.


जुना_डेक
सोमवार, सकाळी ७.१०

सातपूरकरांशी सहमत. थोडं सविस्तर लिहितो, कारण एकेकाळी शालिमारला माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं आणि हाच प्रश्न मी दिवसातून चारदा ऐकलेला आहे.

एमपी३ म्हणजे घडी घालून पेटीत ठेवलेलं नऊवारी पातळ. पेटीत जागा थोडीच लागते. पण ऑडिओ सीडीवर ते पूर्ण उलगडूनच अंथरावं लागतं. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ऑडिओ सीडीचे नियम ठरवले, त्यांना रेड बुक म्हणतात. त्या नियमाने आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. मिनिटाला साधारण १० एमबी. मूळ फाइल ६४ केबीपीएसची असो नाहीतर ३२० ची, उलगडल्यावर सगळी पातळं सारख्याच लांबीची. तुमचं ९० मिनिटांचं कीर्तन उलगडलं की साडेनऊशे एमबीच्या आसपास जातं.

चौकस लोकांसाठी पुढची गंमत. ८० मिनिटांचा आवाज मोजला तर तो ७०० एमबीच्या वर, आठशेच्या पलीकडे भरतो. मग तो ७०० च्या सीडीवर बसतो कसा? सीडीवर सेकंदाला ७५ खण असतात. प्रत्येक खण २,३५२ बाइटांचा. आवाज लिहिताना अख्खा खण आवाजाला मिळतो. डेटा लिहिताना मात्र त्यातले २,०४८ बाइटच तुमचे, बाकीचे खणाचा पत्ता आणि चुका दुरुस्त करण्याची तरतूद यांना जातात. आवाजात एखादा बाइट हुकला तर प्लेअर आजूबाजूचं बघून वेळ मारून नेतो, कानाला कळतही नाही. एक्सेलच्या फाइलमध्ये तसं चालत नाही. म्हणून डेटाची सीडी जास्त काटेकोर आणि कमी मावणारी.

आता "नो डिस्क"चं. कोरी सीडी घातल्यावर विंडोज दोन पर्याय देतं. पहिला "लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह", दुसरा "विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर". पहिला आधीच निवडलेला असतो आणि तिथेच निम्मी नाशिक फसते. त्या पर्यायात सीडी पेनड्राइव्हसारखी वापरता येते, फाइल टाका, नंतर अजून टाका. पण ती मांडणी कॉम्प्युटरलाच कळते. आणि साध्या (एकदाच लिहिता येणाऱ्या) सीडी-आर वर खोडलं तरी जागा परत मिळत नाही, नाव तेवढं दिसेनासं होतं.

पण ऐका, दुसरा पर्याय निवडून एमपी३ ओढली असती तरी आत्याबाईंचा प्लेअर गायला नसता! त्याने एमपी३ असलेली डेटा डिस्क बनते. ती एमपी३ वाचणाऱ्या डीव्हीडी प्लेअरवर किंवा गाडीतल्या डेकवर चालेल. ज्या प्लेअरला नुसतं रेड बुक कळतं त्याला ऑडिओ सीडीच लागते, आणि विंडोजच्या घरच्या सामानात ती फक्त मीडिया प्लेअर लेगसी बनवतो. विंडोज ११ मधला तो नवा, गोल चेहऱ्याचा मीडिया प्लेअर सीडी ऐकवतो, सीडीवरून गाणी उतरवून घेतो, लिहून देत नाही. तुम्ही लेगसी उघडलात ते बरोबरच केलंत.


तर्री_वेगळी
सोमवार, सकाळी ९.२०

नऊवारीचं उदाहरण _/\_ वाचनखूण साठवली आहे.


रामकुंडाजवळचा
सोमवार, दुपारी १.०५

डेककाका, आता डोक्यात शिरलं. पण तोडायचं कुठे? ४५ मिनिटांवर सरळ सुरी फिरवू? कॅसेटची बाजू तिथेच पालटते.


कथेकरीण
सोमवार, दुपारी ३.३०

अहो, थांबा! कॅसेटच्या बाजूवर काय तोडताय, कीर्तनात तोडायची जागा आधीच केलेली असते. पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, तेवढ्यात कोणीतरी भजन म्हणतं. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. भजन पहिल्या सीडीच्या शेवटी जाऊ द्या आणि दुसरी सीडी आख्यानाने सुरू करा. रेकॉर्डिंगवाल्याने कॅसेट आख्यानाच्या मधोमध पालटली असेल तर तिथली दोन-चार वाक्यं गेलेली असणार, ती काही परत येत नाहीत. पण निदान सीडी तिथे बदलायला लागू नये.


रामकुंडाजवळचा
सोमवार, दुपारी ३.५५

अगदी तसंच आहे! ३८ व्या मिनिटाला पूर्वरंग संपतो, टाळ्या ऐकू येतात. आणि बाजू पालटते ती ऐन आख्यानात. म्हणजे सीडी १ साधारण ४१ मिनिटांची, सीडी २ उरलेल्या ४९ ची. दोन्ही मावतात.


सातपूर_सेकंड_शिफ्ट
सोमवार, रात्री ११.४८

मग फाइल कापायला लागणार, आणि ते मीडिया प्लेअरला जमत नाही. गाणी जास्त झाली तर यादी दोन सीड्यांत वाटून देतो, पण एकच लांब फाइल मधून चिरत नाही. ऑडासिटी घ्या, आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, पाहुणे येत नाहीत, फक्त तिच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा.

नंतर मीडिया प्लेअर लेगसीत उजवीकडे बर्न नावाचा टॅब. त्याच्या छोट्या मेनूत "ऑडिओ सीडी"वर खूण आहे ना ते बघा, "डेटा सीडी ऑर डीव्हीडी"वर नको. फाइली क्रमाने ओढा, वर किती मिनिटं उरली ते दिसतं. मग स्टार्ट बर्न. तोवर लॅपटॉपवर दुसरं काही करू नका. आणि रायटर थेट लॅपटॉपला लावा, हबमधून नको. लिहिताना वीज जास्त खातो.


रामकुंडाजवळचा
गुरुवार, रात्री ९.३०

धागा वर आणतोय. अर्धं यश!

कापलं, पाच-पाच मिनिटांचे तुकडे केले म्हणजे आत्याला बटण दाबून पुढे जाता येईल, एमपी३ म्हणूनच जतन केले, ऑडिओ सीडी लिहिली. प्लेअरने पहिल्या झटक्यात उचलली. आत्या पदर सावरून बसली.

पण प्रत्येक तुकड्यानंतर दोन सेकंद गप्प. नेमकं गजरात आलं. "विठ्" ... (शांतता) ... "ठल". तिसऱ्यांदा झाल्यावर आत्या म्हणाली, "अण्णांना असा दम कधी लागत नव्हता रे."

दोन सीडी गेल्या. पहिल्या प्रयत्नातली धरून तीन.


जुना_डेक
शुक्रवार, सकाळी ६.५०

आत्याबाईंचा कान शाबूत आहे!

मीडिया प्लेअर दोन ट्रॅकमध्ये स्वतःहून दोन सेकंदांची फट ठेवतो. सिनेमाच्या गाण्यांना ते शोभतं, कीर्तनाला नाही. ऑर्गनाइझमध्ये ऑप्शन्स, त्यात बर्नचा टॅब, तिथे "बर्न सीडी विदाउट गॅप्स" असं आहे. त्यावर खूण करा. त्याच्या वरची "व्हॉल्यूम लेव्हलिंग"ची खूण काढून टाका. एकाच मैफलीचे तुकडे असताना प्रत्येकाचा आवाज वेगळा वरखाली करण्यात अर्थ नाही.

एवढ्याने निम्मं काम होईल. निम्मंच, कारण तुमचे तुकडे एमपी३ आहेत. एमपी३ करताना प्रत्येक फाइलच्या मागेपुढे किंचित शांतता चिकटते. फट काढली तरी तिथे एक बारीक उचकी राहते. ऑडासिटीतून तुकडे वाव्ह (घडी न घातलेला आवाज) म्हणून काढा, ४४,१०० आणि १६ बिट. वाव्हला असं शेपूट नसतं.

आणि अगदीच निर्मळ हवं असेल तर ऑडासिटीत कापायच्या खुणा सीडीडीए फ्रेमवर टेकवायची सोय आहे. मी वर म्हटलेले सेकंदाचे ७५ खण, तेच ते. ट्रॅक खणाच्या मधोमध संपला तर उरलेला खण शांततेने भरला जातो आणि तिथे "टक्" ऐकू येऊ शकतं. खणाच्या कडेवर कापलं की सांधा कळत नाही.

हे वाव्हचं मी तुम्हाला सोमवारीच सांगायला हवं होतं. एक सीडी माझ्या खात्यावर मांडा.


इंदिरानगर_मॅक
शुक्रवार, सकाळी ११.१५

विंडोजवाल्यांचं हे सगळं वाचून बरं वाटतंय. ह. घ्या (हलकेच घ्या).

मॅकवर म्युझिक ॲपमध्ये प्लेलिस्ट बनवायची, फाइल मेनूत "बर्न प्लेलिस्ट टू डिस्क". तिथेच ऑडिओ सीडी, एमपी३ सीडी की डेटा, हे विचारतं. गाण्यांमधली फट किती सेकंद तेही तिथेच, शून्य करता येते. गाण्यांची नावं सीडीवर लिहायची सोय पण आहे, प्लेअरला पडदा असेल तर दिसतात. डेटासाठी फाइंडरमध्ये "न्यू बर्न फोल्डर". यूएसबीचा बहुतेक कुठलाही बाहेरचा रायटर चालतो. पूर्वी डिस्क युटिलिटीतून लिहायचो, ते २०१५ च्या एल कॅपिटनपासून काढून टाकलंय. आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) असेल तर फाइंडरमध्येच तिच्यावर उजवी टिचकी मारून डिस्कवर लिहिता येते.


सातपूर_सेकंड_शिफ्ट
शुक्रवार, रात्री ११.५०

आयएसओसाठी विंडोजमध्येही वेगळं काही लागत नाही. विंडोज ७ पासून उजवी टिचकी, "बर्न डिस्क इमेज". तिथे लिहून झाल्यावर पडताळून बघायची खूण पण असते. ह. घेतलं.

@रामकुंडाजवळचा, वेग किती ठेवला होता? ऑप्शन्सच्या त्याच टॅबवर वेग आहे. सगळ्यात हळू ठेवा. मोठा वेग म्हणजे लेझरला घाई, कच्चे खड्डे, जुना प्लेअर अडखळणार.


जुना_डेक
शनिवार, सकाळी ७.००

इथे मात्र असहमत. "जितकं हळू तितकं पक्कं" हे १९९८ साली खरं होतं. आताच्या सीडीचा रंगाचा थर जलद लिहिण्यासाठी बनवलेला असतो, फार हळू लिहिलं तर कधीकधी उलट खराब येतं. मी १६ एक्स (वाजण्याच्या सोळापट वेग) धरतो. ८० मिनिटांची सीडी पाच मिनिटांत, ना घाई ना रेंगाळणं. मीडिया प्लेअर आकडा देत नाही, फास्टेस्ट, फास्ट, मीडियम, स्लो एवढंच देतो. मीडियम घ्या.


सातपूर_सेकंड_शिफ्ट
शनिवार, दुपारी १२.२०

माझ्या जुन्या गाडीच्या डेकला स्लोवर लिहिलेल्याच चालायच्या. आता काय बोलणार.


जुना_डेक
शनिवार, दुपारी १२.४५

डेकचा लेझर पुसून बघितला होता का कधी? :)


तर्री_वेगळी
शनिवार, दुपारी १.१०

सीडी-आरडब्ल्यू वापरली तर? चुकली तर पुसून परत लिहायची. तीन सीडी गेल्या नसत्या.


जुना_डेक
शनिवार, दुपारी १.३०

कॉम्प्युटरवर सराव करायला उत्तम. पण आरडब्ल्यूचा पृष्ठभाग प्रकाश फार कमी परतवतो, साध्या सीडी-आरच्या निम्मासुद्धा नाही. जुन्या प्लेअरच्या डोळ्याला ते दिसतच नाही. परत "नो डिस्क".


वकील_सीबीएस
रविवार, सकाळी १०.००

इतके दिवस नुसता वाचत होतो. विषय निघालाच आहे म्हणून लिहितो, कारण सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) आमच्या कोर्टात कोऱ्या सीडी अजूनही लागतात आणि पक्षकार नेमकी हीच चूक उलट्या बाजूने करतात. फोनवरचं संभाषण द्यायचं असतं आणि आणून देतात ऑडिओ सीडी, "साहेब, कुठेही वाजेल!"

वाजेल हो, पण ती तुमची मूळ फाइल राहिली नाही. डेककाकांच्या भाषेत, पातळ उलगडलं. कोर्टासाठी नेहमी डेटा डिस्क, "विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर" या पर्यायाने, फाइल आहे तशी. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३(४) खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत लिहायची असते. पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-ब ते हेच, पण हॅशचा रकाना नव्याने आला. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक बाइट बदलला तरी ठसा वेगळा. तो काढायलाही बाहेरचं काही लागत नाही, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आहे. आधी लॅपटॉपवरच्या फाइलचा ठसा काढा, सीडी लिहा, मग सीडीवरच्या फाइलचा काढा. दोन्ही जुळले पाहिजेत. सीडी नीट लिहिली गेली की नाही याचीही तीच परीक्षा, कारण विंडोज साध्या डेटा डिस्कला आपणहून पडताळत नाही.

प्रमाणपत्राला हसू नका. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीड्यांचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, प्रत दिली तर प्रमाणपत्र अनिवार्य. मूळ उपकरणच हजर केलं आणि मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी.


कथेकरीण
रविवार, सकाळी १०.४०

बाई गं. म्हणजे आजोबांच्या कीर्तनाचीसुद्धा एक डेटाची प्रत करून ठेवावी. ऐकायची वेगळी, जपायची वेगळी.


जुना_डेक
रविवार, सकाळी ११.०५

कथेकरीणबाई, लाख बोललात. कॅसेटवरून उतरवतानाची मूळ वाव्ह अजून असेल तर तीच डेटा डिस्कवर घाला, एमपी३ नको. ती सीडीवर मावणार नाही, डीव्हीडी घ्या. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापतात, विंडोज ४.३८ दाखवतं, फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी. आणि एवढ्यावर विसंबू नका, एक प्रत हार्डडिस्कवर असू द्या. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, ऊन त्याचं वैरी. खिडकीत ठेवायची नाही, डब्यात उभी ठेवायची. वर कागदी लेबल चिकटवायचं नाही. सीडीचा चमकता थर खालून नाही, वरच्या छापील बाजूला अगदी पातळ लेपाखाली असतो. लोक खालची बाजू जपतात आणि वर बॉलपेनने नाव कोरतात!

अवांतर: फाइलची नावं देवनागरीत ठेवली तर कॉम्प्युटरला चालतात, जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या पडद्यावर चौकोन उमटतात. तिथे इंग्रजी अक्षरांत, आखूड नावं द्या.


उबुंटूवाला
रविवार, दुपारी ४.१५

लिनक्सवर ब्रासेरो नाहीतर के३बी. बास.


रामकुंडाजवळचा
मंगळवार, रात्री ८.४५

झालं एकदाचं. वाव्ह, विदाउट गॅप्स, मीडियम. सोळा तुकडे, दोन सीड्या, सांधे शोधूनही सापडत नाहीत. सातपूरकर रागावू नका, स्लोवरही एक केली होती, तीही चालली. दोन्ही बाजू जिंकल्या.

आत्याने काल दोन्ही सलग ऐकल्या. आख्यानाच्या मधे जिथे कॅसेट पालटली आहे तिथे आजोबांचं वाक्य तुटतं. ती थांबली, ते वाक्य स्वतः पुरं केलं आणि प्लेअर चालू राहिला. आता तिला हवेत आजोबांचे "ते दुसरे, दत्तजयंतीचे". त्याची कॅसेट कुणाकडे आहे हे शोधतोय.

मूळ वाव्ह मित्राकडे अजून होती. तिची डीव्हीडी केली, ठसे जुळवून पाहिले, जुळले.

वाया गेलेल्या तीन सीड्या मामांनी नेल्या. निफाडला बाग आहे, द्राक्षं भरात आहेत, पाखरं बसू नयेत म्हणून दोऱ्याला टांगतात. अजून असतील तर दे म्हणाले.


तर्री_वेगळी
मंगळवार, रात्री ९.००

मामांचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. माझ्याकडे गोणीभर आहेत.